रेडिएशननंतर चालायची भीती वाटते: नेरुळच्या ताईंना उत्तर

ताई, स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून तीन महिने झाले, डॉक्टर चाला म्हणतात, पण जिना चढताना छाती धडधडली की आजार परत आला असं वाटतं, आणि सासूबाई बादलीलाही हात लावू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय.

आधी धडधडीचं. ती डॉक्टरांना सांगाच. या कॅन्सरच्या काही केमोचा आणि ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला हवा का, ते विचारा. माझा इको नीट आला, तरी भीती होतीच.

भीती गेली की चालेन, म्हणून मी चार महिने घरात बसले. भीती तिथेच राहिली, पायातलं बळ मात्र गेलं. मग पलंगावरून उठतानाही दम लागायचा आणि मला तो दम म्हणजेच आजार वाटायचा. शरीर थकलंय की आजारी आहे, हे ओळखताच येईना. ते मला चालूनच कळलं.

ठाण्यात कचराळी तलावाला पहिल्या दिवशी अर्धी फेरी मारली. दुसऱ्या दिवशी पोटरी अशी ठणकली की हाडात पसरलं असणार, या विचाराने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. तेव्हापासून वही केली: किती मिनिटं चालले, काय दुखलं, कधी थांबलं. महिन्याभराने पानं उलटली तर जवळजवळ प्रत्येक दुखणं दोन-तीन दिवसांत गेलेलं. जे गेलं नाही, ते वहीसकट डॉक्टरांना दाखवलं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जायला अजिबात थांबू नका.

वेग एवढाच, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालल्याने थकवा कमी होतो. पाच मिनिटांपासून तिथवर यायला मला तीन महिने लागले. तुमच्याकडे ज्वेल ऑफ नवी मुंबईचा रस्ता सपाट आहे, बरा पडेल.

व्यायामाने आजार उठतो, असं मलाही घरचे सांगायचे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८० टक्के आजाराविना होते, नुसती माहिती दिलेल्यांपैकी ७४. आपला आजार वेगळा, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण मला त्याने फार धीर आला.

आता बादली. बगलेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून त्या हाताने काही उचलायचं नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. २००९ च्या एका अभ्यासात हात सुजणाऱ्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलं. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात केली, फिजिओथेरपिस्टसमोर, हाताला स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही, घालून. भरलेली बादली पुष्कळ पुढची.

फिजिओथेरपिस्टकडे जाल त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत न्या. माझी आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होती. घरी आल्यावर पहिल्यांदा तिने पोळपाट-लाटणं माझ्याकडे सरकवलं.