स्लाऊला येताय? आधी जुनी शीव बघून घ्या

तुम्ही विचारलंय की जानेवारीत लंडनजवळच्या स्लाऊला नोकरीवर रुजू व्हायचंय, मुलगा नऊ वर्षांचा आहे, तर घर स्लाऊतच बघावं की नदीपल्याड विंडसरला. भाडी आणि रेल्वेच्या वेळा तुम्हाला कुठेही मिळतील. व्हिसाचं सरकारी साइटवर आहे, ते तिथूनच वाचा. मी लिहायला बसले ती तुमच्या मुलाचं वय वाचून. आम्ही आलो तेव्हा माझी लेक दहा वर्षांची होती.

इंग्लंडात गावाची शीव फार चिवट असते. दिसायला दिसत नाही, रस्ता तोच, घरं तशीच, पण ती ओलांडली की कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, बदलतो आणि मुलाची शाळाही बदलते. थेम्स नदी ही इथली जुनी शीव. अलीकडचं स्लाऊ १९७४ पर्यंत बकिंगहॅमशायर काउंटीत होतं आणि पलीकडचं विंडसर बर्कशायरमध्ये. १९७४ च्या फेररचनेत स्लाऊ उचलून बर्कशायरमध्ये टाकलं. पुढे १९९८ मध्ये बर्कशायरची काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली आणि स्लाऊ आपलं आपण बघू लागलं. पण बकिंगहॅमशायरमध्ये असतानाची परीक्षा घेऊन मुलं निवडायची पद्धत मात्र तशीच राहिली. म्हणून स्लाऊत आजही चार ग्रामर शाळा आहेत आणि त्यांची इलेव्हन प्लस, म्हणजे अकराव्या वर्षाच्या सुमाराची प्रवेशपरीक्षा, आहे. तिथे माध्यमिक शाळा सातवीपासून सुरू होते. विंडसरला वेगळंच: चौथीपर्यंत फर्स्ट स्कूल, पाचवी ते आठवी मिडल, नववीपासून अपर. म्हणजे आधी विंडसरला राहून मग स्लाऊत घर घेतलंत, तर मुलाची शाळा मधेच तुटू शकते.

ही परीक्षा सहावीच्या सप्टेंबरात होते. नावनोंदणी मात्र त्याआधीच्या जूनच्या आसपास बंद होते. आम्ही ऑगस्टमध्ये उतरलो. त्याआधी मी मार्चपासून कागद गोळा करत होते. घराचा एजंट करारपत्र देईना कारण इथलं बँक खातं नव्हतं, आणि बँक खातं उघडेना कारण घराचा पत्ता नव्हता. करारपत्र आलं त्यात माझं आडनाव चुकलेलं. ते दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे लागले. त्या सगळ्या घोळात अशी काही परीक्षा असते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लेक साध्या शाळेत गेली. शाळा वाईट नव्हती, दोन शिक्षिका तर फार जीव लावणाऱ्या होत्या. पण पहिल्याच आठवड्यात शेजारच्यांच्या दारातल्या खुंटीवर त्यांच्या मुलीचा ग्रामर शाळेचा ब्लेझर टांगलेला तिनं पाहिला, खिशावरचं सोनेरी भरतकाम बोटानं चाचपलं आणि घरी येऊन विचारलं, "आई, मी नापास झाले का गं?" ती परीक्षेला बसलीच नव्हती. आता ती एकवीस वर्षांची आहे, चांगली नोकरी करते, आणि असं काही विचारल्याचं आठवत नाही म्हणते. मला त्या खुंटीसकट आठवतं.

त्यानंतर मी हट्टानं या गावाचा इतिहास वाचायला लागले. ११९५ च्या नोंदीत स्लाऊचं नाव 'स्लो' असं येतं, अर्थ चिखलाची, दलदलीची जागा. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं चिखली. ग्रंथालयात ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. शेजारचं चाल्वी म्हणजे वासरांचं बेट. अप्टन म्हणजे वरची वाडी. १०८६ च्या डूम्सडे सर्वेक्षणात, म्हणजे राजानं करवलेल्या जमिनीच्या नोंदीत, तिथे दोनशे डुकरं पोसली जातील एवढं रान लिहून ठेवलंय. आणि 'बरो', म्हणजे सनद मिळालेलं शहर, हा शब्द निघालाय 'बुर्ह'वरून, म्हणजे आपली गढी. विंडसरला बरोची सनद १२७७ मध्ये मिळाली, स्लाऊला १९३८ मध्ये. तो साडेसहाशे वर्षांचा फरक लोकांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो. स्लाऊला राहते म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. ते मनावर घेऊ नका. हे गाव बाहेरून आलेल्यांनीच उभं केलंय. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडक्या गाड्यांचा इथे डेपो होता, १९२० मध्ये तो विकला गेला आणि त्याच जागेवर कारखान्यांची वसाहत वाढली. मंदीत वेल्समधून माणसं आली, नंतर आपली आली. आजारी पडल्यावर आई जे हॉर्लिक्स द्यायची त्याचा विटांचा कारखानाही स्टेशनजवळच. आता तिथे फ्लॅट झालेत, चिमणी मात्र राखलीय.

टॅक्सचं तेवढं आधी बघा. तो अजूनही १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत किती झाली असती त्यावरून ठरतो. शिवाय २०२१ मध्ये कौन्सिलनं पैसे पुरत नसल्याची जाहीर नोटीस काढली होती आणि २०२३ मध्ये टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला.

वहिनींना एकटं वाटेल का, असं विचारलंत. वाटेल. पहिला हिवाळा गेला की कमी होतं.

अप्टनच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये विल्यम हर्शेल पुरलेला आहे, युरेनस शोधणारा. तोही हॅनोव्हरहून आलेला, वादक होता. स्लाऊत त्यानं चाळीस फुटी दुर्बीण उभारली, १७८९ मध्ये ती पुरी झाली. आकाशाची कवाडं त्यानं फोडली, अशा अर्थाचं लॅटिन त्याच्या थडग्यावर कोरलंय. मी तिथे जाते ती त्याच्या बहिणीसाठी. कॅरोलाइन १७७२ मध्ये भावाकडे आली, त्याच्याबरोबर रात्र रात्र जागून निरीक्षणं उतरवली, स्वतः आठ धूमकेतू शोधले. १८२२ मध्ये भाऊ गेला आणि बाहत्तराव्या वर्षी ती हॅनोव्हरला परतली, पन्नास वर्षांनी. तिथे आणखी पंचवीस वर्षं जगली. सोडून आलेलं घर तिला तिथे सापडलं असेल का, हे मी त्या चर्चच्या बाकावर बसून कितीदा तरी मनात घोळवलंय. चिखलीचं आमचं माळवदाचं घर भावानं पाडून स्लॅबचं बांधलं. आई गेली ती त्या नव्या घरात. मी ते फोनवर पाहिलं.

मुलाचं पक्कं ठरवायचं तर त्याची जन्मतारीख कळवा. ३१ ऑगस्टच्या आतला की नंतरचा, त्यावर इयत्ता ठरते. जानेवारीत तो पाचवीत बसत असेल, तर येत्या जूनआधीच नाव नोंदवावं लागेल. करारपत्रावरचं आडनाव सही करण्याआधी एकेक अक्षर वाचून घ्या.