‘मिसअलाइन्ड मेमरी ॲक्सेस फॉल्ट’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर (म्हणजे तिच्या गाभ्यावर) लिहिताना ‘मिसअलाइन्ड मेमरी ॲक्सेस फॉल्ट हँडलिंग’साठी ‘असंरेखित स्मृती-प्रवेश दोष हाताळणी’ चालेल का?

चालेल, पण वाचणाऱ्याला बोध होणार नाही. ‘असंरेखित’मध्ये रेषा आहे, आणि इथे रेषेचा काही संबंध नाही. मामला भागाकाराचा आहे. ४ बाइटचा पूर्णांक वाचायचा तर त्याच्या मेमरीतल्या पत्त्याला ४ने निःशेष भाग जायला हवा. १००० वरून वाचला तर ठीक, १००२ वरून वाचला तर मिसअलाइन्ड. शाळेच्या गणितातलं ‘निःशेष भाग जाणे’ इतकं नेमकं आहे की पहिल्या उल्लेखात तेच वाक्य द्यावं आणि पुढे खुशाल ‘अलाइन्ड पत्ता’ म्हणावं. (‘अभाज्य पत्ता’ मात्र नको, अभाज्य म्हटलं की मूळ संख्याच आठवतात.) ‘विषम पत्ता’ मोटोरोला ६८००० या जुन्या प्रोसेसरपुरता चपखल आहे, कारण त्याला एका बाइटहून मोठं काहीही विषम पत्त्यावर चालत नसे. पण १००२ तर सम आहे, तरी ४ बाइटसाठी अनेक प्रोसेसर तो नाकारतात.

‘दोष’वर माझा जास्त आक्षेप आहे. फॉल्ट म्हणजे प्रोसेसरने ‘हे माझ्याच्याने होत नाही’ म्हणून काम कर्नलकडे सोपवणं. पेज फॉल्ट (हवं ते पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, जागेवर नसणं) तर धडधाकट यंत्रणेतही सतत होत असतात. अलाइनमेंटच्या फॉल्टमागे बऱ्याचदा बाइटचा पॉइंटर (पत्ता धरून ठेवणारा चल) पूर्णांकाचा म्हणून वापरणारा प्रोग्रामर असतो, हे खरं. पण नेहमीच नाही. नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटच्या सुरुवातीला असणारा इथरनेटचा हेडर १४ बाइटचा असतो, त्यामुळे पॅकेट ४च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवलं तरी त्यामागचा आयपी हेडर २ बाइट हुकतो. म्हणून लिनक्सचे अनेक ड्रायव्हर बफरच्या (पॅकेट ठेवायच्या जागेच्या) सुरुवातीला २ बाइट मोकळे सोडतात. यात दोष कोणाला द्यायचा? ‘फॉल्ट’ हाच शब्द ठेवा.

राहिली ‘हाताळणी’. कर्नलपुढे दोन वाटा असतात. एक, अडलेली सूचना (प्रोसेसरला दिलेली आज्ञा) उकलायची, बाइट सुटे सुटे वाचून जोडायचे, मूल्य रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यात) ठेवायचं आणि प्रोग्राम काउंटर, म्हणजे कुठली सूचना चालवायची हे दाखवणारा कप्पा, पुढच्या सूचनेवर न्यायचा. प्रोग्रामला काही कळत नाही, फक्त तो हळू चालतो. दुसरी, प्रोग्रामला सरळ ‘सिगबस’ (SIGBUS) हा मेमरी चुकीची वापरल्याचा सिग्नल पाठवायचा. प्रोग्रामने त्याची सोय केलेली नसेल तर प्रोसेस तिथेच संपते. पहिल्या वाटेसाठी आपल्याकडे ‘निस्तरणे’ हे झकास क्रियापद आहे: घोळ दुसऱ्याचा, निस्तरायचा आपण. त्यातही मेख अशी की सुटे बाइट वाचताना ते पानच मेमरीत नसेल, तर निस्तरतानाच दुसरा फॉल्ट येतो आणि कर्नलला त्याचीही तयारी ठेवावी लागते. शिवाय तुकड्यांनी केलेलं वाचन अखंड राहत नाही. मध्येच प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरने तिथे लिहिलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं मूल्य हाती येतं.

एक्स८६वर (इंटेल, एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) बहुतेक वेळा हार्डवेअरच हे परस्पर निस्तरतं, त्यामुळे तिथल्या कित्येक प्रोग्रामरांना हा फॉल्ट कधी दिसतच नाही. अशा वाचकासाठी मी शीर्षक ‘पत्ता अलाइन्ड नसला की येणारा फॉल्ट कर्नल कसा निस्तरतो’ असं देईन. सिगबसचाही भाग लेखात असेल, तर ‘निस्तरतो’च्या जागी ‘हाताळतो’.