दयाळ आरशाशी का भांडतो?

प्रश्न: आमच्या सोसायटीत मार्चपासून एक दयाळ पक्षी पहाटे उजाडायच्या आधीच वायरवर बसून गायला लागतो आणि दिवसा माझ्या बाइकच्या आरशावर चोची मारत बसतो. थंडीत मात्र एकदम गपगार. हे खरंच हॉर्मोन्समुळे होतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: हो, पण नुसतं हॉर्मोन वाढलं म्हणून पक्षी गायला लागला, इतकं सरळ नाहीये ते. सुरुवात होते दिवस मोठा व्हायला लागला की. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर अशा पेशी असतात की कवटीतून आत झिरपलेला उजेड त्यांना थेट कळतो, मग मेंदूखालची पिट्युटरी ही हॉर्मोन सोडणारी ग्रंथी जागी होते, एरवी एवढेसे असलेले वृषण फुगतात आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नराचं मानलं जाणारं हॉर्मोन यायला लागतं. गंमत म्हणजे मेंदूत पोचल्यावर त्यातल्या काहीचं इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं मानलं जाणारं हॉर्मोन होतं आणि गाण्यासाठी तेही लागतं, त्यामुळे 'पुरुषी हॉर्मोन' वगैरे लेबलं फार मनावर घेऊ नका. कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्यात तर संशोधक फर्नांडो नॉटबोम यांना दिसलं की मेंदूतले गाण्याचे भागच वसंतात मोठे होतात आणि नंतर आक्रसतात. कॅनरीच्या मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर तीही गाते, पण झेब्रा फिंच या दुसऱ्या छोट्या पक्ष्याची मोठी झालेली मादी काही केल्या गात नाही.

आता तुमचा आरसा. त्यातलं स्वतःचंच प्रतिबिंब दयाळाला प्रतिस्पर्धी वाटतं. संशोधक जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलं की ऋतूप्रमाणे हॉर्मोन एका पातळीपर्यंत चढतं आणि समोर प्रतिस्पर्धी आला की आणखी उसळतं, म्हणजे भांडणामुळेही हॉर्मोन वाढतं! त्यांनी साँग स्पॅरो या अमेरिकेतल्या छोट्या पक्ष्यात हे पाहिलं होतं. खरा प्रतिस्पर्धी हरला की निघून जातो, आरशातला कुठे जाणार? गाडी लावली की आरशावर पिशवी घाला, तुमचा आरसाही वाचेल आणि त्याची दमछाकही.

मग पक्षी वर्षभर हॉर्मोनची पातळी चढीच का नाही ठेवत? अमेरिकेत संशोधक एलन केटरसन यांच्या टीमने जंको नावाच्या पक्ष्याच्या नरांना कातडीखाली टेस्टोस्टेरॉनच्या नळ्या बसवल्या. ते नर गायले जास्त, भटकले जास्त, बाहेरच्या भानगडीही जास्त, पण घरच्या पिल्लांना भरवायला कमी यायचे आणि स्वतः जगायचेही कमी. तरी त्यांच्या एकूण पिल्लांची गोळाबेरीज मात्र साध्या नरांपेक्षा जास्तच भरली, भानगडींच्या जिवावर! म्हणजे चढ्या पातळीचे तोटे आहेतच, पण नुसत्या त्यांनी या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळत नाही.