माझ्या उबुंटूवर चालणारा प्रोग्राम मित्राच्या उबुंटूवर का चालत नाही?

तुम्ही विचारलंय: उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २४.०४ आवृत्तीवर बांधलेला (म्हणजे कोडपासून चालणारी फाइल केलेला) सी++ प्रोग्राम मित्राच्या २२.०४ वर ‘जीलिबसी २.३८ नॉट फाउंड’ म्हणून अडतो. (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, बहुतेक प्रोग्राम तिच्याच आधारानं चालतात.) कोड तोच आहे, मग चूक कुणाची?

कोडची नाही. तुम्ही तो कुठं बांधलात, त्याची.

बेळगावात बसून मराठी-कन्नड टायपिंग शिकवणारा एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम मी काही वर्षं सांभाळतोय. कोड लिहिणारे बरेच येतात, बिल्ड आणि पॅकेजिंगला हात लावायला कुणी येत नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात. काका एकदा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "काय करायलास रे रात्रभर? प्रोग्राम तर चालायलाय की." त्यांचं उद्यमबागला मशीन शॉप. मी म्हटलं, जॉब आपल्या मशीनवर बरोबर उतरला म्हणून तुम्ही पास करता काय? गिऱ्हाइकाच्या गेजमध्ये बसला पाहिजे. मग गप्प झाले.

आता तुमचं दुखणं. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. मग एरर २.३८ चाच का? कारण २.३८ मध्ये ‘स्ट्रटोल’सारख्या (अक्षरांतला आकडा वाचणाऱ्या) फंक्शनांना सी भाषेच्या नव्या सी२३ नियमांचं वेगळं रूप मिळालं, आणि नवे हेडर, म्हणजे फंक्शनांची ओळख देणाऱ्या फायली, तुमच्या साध्या ‘स्ट्रटोल’ला गुपचूप त्या नव्या नावाशी जोडून देतात. तुम्ही नवीन काही वापरलेलंच नाही, तरी बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेली फाइल, नवीन जीलिबसी मागते. बायनरीच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या ‘ऑब्जडंप’ कमांडला मोठ्या टीचा (-T) पर्याय देऊन बघा, कुठलं फंक्शन कुठली आवृत्ती मागतंय ते ओळीनं दिसेल.

उपाय सरळ आहे: ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालायला हवं, तिच्यावर बांधा. डॉकरमध्ये २२.०४ चा कंटेनर (तुमच्याच मशीनवर चालणारी, वेगळी ठेवलेली जुनी सिस्टिम) घ्या आणि रिलीज कायम तिथूनच काढा. जीलिबसी सोबत बांधून द्यायच्या भानगडीत पडू नका. अ‍ॅपइमेज (सगळा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये देण्याची पद्धत) करतानाही बाकीच्या लायब्ररी आत घेतात, जीलिबसी मात्र सहसा बाहेरच ठेवतात.

दुसरी सवय, बिल्ड एकदा नेट बंद करून चालवा. बिल्ड चालवणाऱ्या सीमेक या साधनाचं ‘फेचकंटेंट’ मधेच काहीतरी डाउनलोड करतं आणि आपल्याला पत्ता नसतो. डेबियन या लिनक्समध्ये पॅकेज बांधताना इंटरनेटला हात लावायचा नाही असा नियमच आहे, तिथं असं पॅकेज परत येतं. (आमच्याकडं पावसाळ्यात नेट आपोआपच बंद असतं, ही टेस्ट फुकट होते.)

विंडोजनं मला सगळ्यात जास्त रडवलं. खानापूरच्या एका गुरुजींची तक्रार आली, प्रोग्राम उघडतो आणि लगेच मिटतो. दोन आठवडे माझ्याकडं काही सापडेना. शेवटी बसनं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी विंडोजवर युजरचं नाव देवनागरीत ठेवलं होतं, म्हणजे फोल्डरचंही तेच. फाइल उघडणारं साधं ‘एफओपन’ फंक्शन विंडोजवर जुन्या एएनएसआय कोडपेजमधून (ठरावीक लिप्यांच्या अक्षरांच्या तक्त्यातून) नाव वाचतं, आणि देवनागरीला तसं कोडपेजच नाही. सेटिंगच्या फाइलच्या पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं. कन्नडलाही असं कोडपेज नाही. सीमाप्रश्नावर नसेल, पण ह्या बगवर दोन्ही भाषांचं एकमत! विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कोडपेज यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या चालणारं, आहे असं लिहिता येतं. दोन-चार ओळींचं काम. माझ्या लॅपटॉपवर युजरचं नाव इंग्रजीत, म्हणून मला ते जन्मात दिसलं नसतं.

मॅकचं थोडक्यात: प्रोग्रामवर डिजिटल सही आणि नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून तपासणी) यांसाठी अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. आमच्याकडं तेवढे नाहीत, त्यामुळं मॅकवाल्यांना आम्ही सोर्सवरून बांधायला सांगतो. त्यावर बोलणीही खातो.

आधी कंटेनरमध्ये बांधून मित्राला द्या. तरीही अडलं तर ‘ऑब्जडंप’च्या ज्या ओळीत जीलिबसीचा २.३५ पेक्षा मोठा आकडा दिसेल, ती इथं टाका, बघतो.