जनुक बिघडवून त्याचं काम आणि साखळीतली जागा कशी कळते?

तुमचा प्रश्न असा, की एखादं जनुक बिघडवल्यावर त्याचं काम कसं कळतं आणि एकामागोमाग काम करणाऱ्या जनुकांच्या साखळीत कोणतं आधी, कोणतं नंतर हे कशावरून ठरवतात. मी काही वर्षं यीस्टवर काम केलंय, तेव्हा तिथलंच सांगतो.

यीस्टच्या कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेले पेशींचे ठिपके, फिकट पांढऱ्या असतात. पण एडीई2 हे जनुक बिघडलेलं यीस्ट ॲडेनिन (डीएनएचा एक घटक) कमी असलेल्या प्लेटवर वाढवलं, की काही दिवसांत आधी गुलाबी आणि मग चक्क लाल होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्लेट खराब झाली समजून मी ती टाकायला निघालो होतो. पेशी ॲडेनिन टप्प्याटप्प्यानं बनवते. एडीई2 चा टप्पा बंद पडला की त्याच्या आधीचा माल तुंबतो आणि त्याचंच लाल रंगद्रव्य होतं. म्हणजे लाल रंग देणं हे एडीई2 चं काम नव्हे, ती ते नसल्याची खूण. नवशिके इथेच फसतात. (फळमाशीतल्या 'व्हाइट' जनुकाचं नावही तसंच फसवं: ते शाबूत असेल तरच डोळे लाल होतात!)

आता क्रम. एडीई8 बिघडलेल्या यीस्टलाही ॲडेनिन बाहेरून लागतं, पण ते पांढरंच राहतं. एडीई2 आणि एडीई8 दोन्ही बिघडवलेलं यीस्ट, म्हणजे डबल म्युटंट? तेही पांढरं. तुंबायला माल पुढे येतच नाही, म्हणजे एडीई8 आधीचं.

एडीई1 बिघडलं तरी कॉलनी लालच. मग दोन लाल यीस्टमध्ये एकच जनुक बिघडलंय की वेगवेगळी? विरुद्ध मेटिंग टाइपची (यीस्टमधली जणू नर-मादी) घेऊन त्यांचा संकर करायचा. संकर पांढरा निघाला तर जनुकं वेगळी, कारण एकाची उणीव दुसरं भरून काढतं. इतकी स्वस्त आणि इतकी देखणी चाचणी मला दुसरी माहीत नाही.

दुसरी वाट खायला घालून बघण्याची. 1941 मध्ये बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी न्यूरोस्पोरा बुरशीची म्युटंट मिळवली, तेव्हापासून ती रुळली. आर्जिनिन या अमिनो आम्लाशिवाय न वाढणाऱ्या म्युटंटपैकी काहींना ऑर्निथिनही चालतं, काहींना ते चालत नाही पण सिट्रुलिन चालतं, काहींना फक्त आर्जिनिनच. बंद टप्प्याच्या पुढचा माल दिला तरच म्युटंट वाढतं, म्हणून एवढ्यावरून क्रम लागतो: ऑर्निथिन, सिट्रुलिन, आर्जिनिन.

एक खाच मात्र आहे. सी. एलिगन्स या सूत्रकृमीत वाढीच्या काळात 1090 पैकी 131 पेशी ठरवून मरतात. सेड-9 हे जनुक निकामी झालं की जगायच्या पेशीही मरतात, सेड-3 हे जनुक निकामी झालं की मरायच्याही जगतात. दोन्ही निकामी केली तर पेशी जगतात. म्हणजे मारण्याचं काम सेड-3 च्या हाती, सेड-9 त्याला वरून आवरून धरतं. यीस्टच्या रंगात डबल म्युटंट आधीच्या जनुकासारखं दिसलं, इथे मात्र नंतरच्यासारखं. त्यामुळे साखळी माल बनवणारी आहे की हुकूम देणारी, हे आधी बघा. आणि दोन्ही जनुकं पूर्ण बंद असू द्या. अर्धवट बिघाडावर हा तर्क टिकत नाही.