चिलिका सरोवराच्या तळातले प्राणी खरंच बदललेत का? आणि हे ठरवतात कसं?

हो, बदललेत. पण ‘प्रदूषण वाढलं, प्राणी संपले’ असं सरळसोट उत्तर इथे चालत नाही. ओडिशातल्या या खाजणात खरी सत्ता खारेपणाची. गाळामुळे समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, पाणी गोडं झालं, पाणवनस्पती माजल्या आणि 1993 मध्ये चिलिका रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये सिपकुडाजवळ नवं तोंड उघडलं, खारं पाणी आत आलं. 2002 मध्ये नाव यादीतून निघालं.

पाणी गोडं झालं की तळाशी गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या फोफावतात. खारेपणा परतला की पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेले) कृमी, समुद्री शिंपले पुन्हा आत सरकतात.

तपासणी म्हणजे चिखलाचं काम. ग्रॅबने, म्हणजे जबड्यासारख्या मिटणाऱ्या उपकरणाने, तळाचा गाळ उचलायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा, उरलेल्या कचऱ्यावर रोझ बेंगाल हे रंगद्रव्य टाकायचं. प्राणी गुलाबी होतात, मग चिमट्याने वेचत बसा!

खरी गोची तुलनेत आहे. प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल यांनी 1914 च्या सुमारास इथलं प्राणिजीवन नोंदवलं, त्यामुळे शतकभरापूर्वीची यादी हाताशी आहे. पण यादी म्हणजे मोजणी नव्हे. शिवाय एकाने एक मिलिमीटरची चाळणी वापरली तर बारीक कृमी निसटतात, आणि दुसऱ्याच्या आकड्यांत ते अचानक ‘वाढलेले’ दिसतात. पावसाळ्यातला नमुना उन्हाळ्यातल्याशी ताडून पाहणं तर निव्वळ फसवणूक, कारण पुराच्या पाण्याने उत्तर भाग दरवर्षीच गोडा होतो.