तर्क, अनुमान आणि कलमांवरची काजळी

प्रश्न : नमस्कार सर. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. यंदा मोहोरावर आणि पानांवर काळं, चिकट काहीतरी दिसलं. मी म्हटलं, “तुडतुडे असणार, आपला एक अंदाज.” शेजारचे काका म्हणाले, “हा तर्क झाला.” मुलगी मुंबईला एमए करते, ती म्हणाली, “बाबा, हे अनुमान!” बरोबर कोण? आणि दर्शन नि विचारसरणी यांतही माझा घोळ होतो. – एक बागायतदार

उत्तर : बोलताना तिन्ही शब्द चालतात, पण शास्त्र तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. तेही अर्धंच.

“यंदा पेटीला बरा भाव येईल” हा अंदाज. का, विचारलं तर “आपलं वाटतं.” अनुमानाला मात्र खूण लागते, आणि खुणेचं त्या गोष्टीशी न चुकणारं नातं लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, त्याला व्याप्ती म्हणतात: धूर तिथे अग्नी. तुमची खूण म्हणजे काजळी. रस शोषणारी कीड गोडसर चिकट द्रव टाकते, त्यावर ही काळी बुरशी वाढते. तेव्हा “कीड आहे किंवा होऊन गेली” हे अनुमान पक्कं. “तुडतुडेच” म्हणालात तिथे घसरलात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यामुळेही अशीच काजळी धरते. असा दोन्हीकडे सापडणारा हेतू (शास्त्रात खुणेलाच हेतू म्हणतात) म्हणजे न्यायशास्त्रातला ‘सव्यभिचार’, एक हेत्वाभास, म्हणजे फसवी खूण. तिथे अनुमान आवरायचं नि प्रत्यक्षाकडे वळायचं. मोहोर हलवून बघा, तुडतुडे असतील तर उडतील. पानांची खालची बाजू आणि देठही बघा. मग फवारणीचं ठरवा.

काकांचा तर्क? शास्त्रात या शब्दाचा अर्थ फार अरुंद आहे. “कीड नसती तर काजळीही नसती” असं उलट धरून पाहणं म्हणजे तर्क. तो अनुमानाला टेकू देतो, स्वतः प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन, नव्हे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्ट या नैयायिकाने तर त्याला संशय आणि भ्रम यांच्या पंगतीला बसवलं, आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘तर्कसंग्रह’! (नावातला तर्क म्हणजे द्रव्य, गुण वगैरे सात पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ प्रकार.) वर्गात इथे पोरं हमखास हसायची. तर्कट त्याहून निराळं: आधी हट्ट, मग कारणं.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. जग काय आहे आणि ते कळतं कसं, याची मुळापासून मांडणी म्हणजे दर्शन: सांख्य, न्याय, चार्वाक. समाज कसा चालावा याबद्दलची धारणा म्हणजे विचारसरणी, जसा समाजवाद. त्यातला ‘वाद’ म्हणजे मत. न्यायसूत्रांतला, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथातला, वाद वेगळा, तो खरं काय ते शोधण्यासाठी. जिंकण्यासाठी भांडलात तर जल्प. स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत बसलात तर वितंडा. तुमच्या खळ्यात तिघांचं यातलं काय चाललं होतं, ते मात्र तुम्ही कळवलं नाहीत.